ईश्वर न मानणाऱ्यांनी बायबल वाचले तेव्हा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या मंगल दिनी आम्ही बायबलवर बोलणार आहोत हे फलकावर वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या. काल एका मित्राने वाटेत गाठून विचारलेच, "काय हो, बुद्ध विहारात बायबल? आपले ग्रंथ संपले काय?" आम्ही म्हटले, संपले नाहीत, पण व्याख्यानाला या. ते आज समोर बसले आहेत याचा आनंद वाटतो.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो. आम्ही ईश्वर मानत नाही. आत्मा, स्वर्ग, नरक मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात आम्ही वाढलो. तेव्हा आज कोणाचा प्रचार करायला आम्ही उभे नाही, तसेच कोणाच्या श्रद्धेची टिंगल करायलाही उभे नाही. आम्ही पाच-सहा जणांनी एक ग्रंथ वाचला. तो का वाचला, त्यात काय सापडले आणि त्याने आमच्याविषयी आम्हाला काय सांगितले, एवढेच मांडायचे आहे.

वाचायला बसलो त्यामागे एक घटना आहे. ती सांगताना मान खाली जाते, पण सांगितलीच पाहिजे. आमच्या वस्तीतल्या एका ताईचे पोर आजारी पडले. दीड महिना ते दवाखान्यात होते. त्या काळात ताई एका प्रार्थना मंडळात जाऊ लागली. घरात बायबल आले. झाले! वस्तीत कुजबुज सुरू झाली. "धम्म सोडला", "पैशाला भुलली", "मिशनऱ्यांनी नादी लावले" अशी बोलणी उठली. एका संध्याकाळी आम्ही काही जण तिच्या दारात गेलो. शब्दाने शब्द वाढला आणि आमच्यातल्या एकाने ते पुस्तक उचलून बाहेर ओट्यावर फेकले. पुठ्ठा निखळला. ताई रडली नाही. तिने शांतपणे विचारले, "दादा, माझं पोर दीड महिना दवाखान्यात हुतं. तुमच्यातलं कोण बघाया आलं हुतं? त्या बाया रोज यायच्या. तुम्ही आज आलाव, ते बी पुस्तक फेकाया."

आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. खाली मान घालून परत आलो. ज्यांच्या आजोबांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, ज्यांच्या पोथ्यांना आपल्या माणसांचा स्पर्श चालला नाही, त्यांनीच एका बाईचे पुस्तक धुळीत टाकले होते. त्या रात्री समितीच्या बैठकीत आम्ही ठरवले की आधी ते पुस्तक वाचायचे आणि मग बोलायचे. फेकलेले पुस्तक ताईकडून मागून आणले. दर रविवारी वंदनेनंतर तासभर वाचन सुरू झाले. मंडळात एक निवृत्त गिरणी कामगार काका, नाक्यावर बिगारी काम करणाऱ्या एक आक्का, दोन कॉलेजची मुले आणि आम्ही होतो.

प्रथम थोडी माहिती. प्रॉटेस्टंट पंथाच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत. जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. नव्या करारात येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान. येशू अरामी भाषा बोलत, शुभवर्तमाने मात्र ग्रीक भाषेत लिहिली गेली आणि तीही त्यांच्या मृत्यूनंतर काही दशकांनी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यात हसण्यासारखे काही नाही. बुद्धवचनेही आधी पाठांतराने चालत आली आणि श्रीलंकेत ती लेखी झाली ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. म्हणजे दोन्हीकडे मधले हात आहेत, आणि मधले हात असले की चिकित्सा करावीच लागते.

मराठीतही या ग्रंथाला मोठा इतिहास आहे. नव्या कराराचे मराठी भाषांतर बंगालमधील श्रीरामपूरला १८११ साली छापले गेले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे स्वतंत्र भाषांतर केले. संस्कृतने जड झालेली भाषा साध्या बायाबापड्यांना कळत नाही, म्हणून त्यांनी सोपी मराठी धरली. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या या कामात होत्या. वेद स्त्रीला बंद होते त्या समाजात जन्मलेल्या बाईने एक अख्खा धर्मग्रंथ साध्या मराठीत आणला, ही गोष्ट ईश्वर न मानणाऱ्यालाही मोठीच वाटली पाहिजे.

आता आम्ही काय वाचले ते सांगतो. सर्व सांगत बसलो तर भोजनदान राहून जाईल, म्हणून तीन गोष्टी घेतो.

पहिली गोष्ट मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली. एका द्राक्षमळ्याचा मालक पहाटे चौकात जातो आणि ठरलेल्या रोजाने मजूर लावतो. पुन्हा सकाळी, दुपारी आणि दिवस मावळायच्या तासभर आधीही जातो. तेव्हाही काही माणसे उभीच असतात, कारण त्यांना कोणी कामावर घेतलेले नसते. त्यांनाही तो नेतो. संध्याकाळी सर्वांना सारखाच रोज देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात.

काका लगेच म्हणाले, "हा अन्याय आहे. युनियनमध्ये आम्ही हे चालू दिलं नसतं." आक्का आतापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही गिरणीत हुता, नाक्यावर उभं ऱ्हायला न्हाईत. सकाळपासून सांजपातूर उभं ऱ्हायचं आन् कुणी घेत न्हाई, ह्ये कामापरीस वंगाळ. आन् पोट काय तासावर भूक धरतं व्हय?" आम्ही सर्व गप्प झालो. विद्वानांनी या गोष्टीचे पुष्कळ आध्यात्मिक अर्थ लावले आहेत. पण आक्कांनी लावलेला अर्थ आम्हाला कोणत्याही टीकाग्रंथात मिळाला नसता.

दुसरी गोष्ट पंधराव्या अध्यायातली. ही वाचताना आमचा घास अडकला. एक कनानी बाई, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परकी, येशूकडे येते. तिची लेक आजारी आहे. ती ओरडून ओरडून विनवते. येशू आधी उत्तरच देत नाहीत. शिष्य म्हणतात, हिला घालवून द्या. मग येशू सांगतात की आपण इस्राएलच्या लोकांसाठीच आलो आहोत आणि मुलांची भाकर कुत्र्यांपुढे टाकणे बरे नाही.

मित्रांनो, ही ओळ आपण कशी वाचणार? येसकर पाळीची भाकर मागायला ज्यांचे पूर्वज दारोदार गेले, ज्यांच्या ओच्यात भाकर वरून टाकली गेली, त्यांनी कुत्र्याचा हा दाखला कसा पचवायचा? कॉलेजचा मुलगा पुस्तक मिटून म्हणाला, "पुरे झालं." पण पुढे वाचले पाहिजे. ती बाई हटत नाही. ती म्हणते की मालकाच्या ताटाखाली पडलेले तुकडे कुत्रीसुद्धा खातात की! तेव्हा येशूंचे मन पालटते, ते तिच्या विश्वासाची थोरवी मान्य करतात आणि तिची लेक बरी होते.

यावर आम्ही दोन रविवार भांडलो. कोणी म्हणाले, येशू तिची परीक्षा पाहत होते. कोणी म्हणाले, हे सारवासारवीचे बोलणे आहे. आमचे मत असे झाले की या प्रसंगात मोठी ती बाई आहे. लेकीसाठी तिने अपमान गिळला, पण माघार घेतली नाही, आणि एका धर्मसंस्थापकाला बदलायला लावले. लिहिणाऱ्याने हा प्रसंग लपवला नाही, हे त्याचेही मोठेपण मानू. तरी आम्हाला तेवढ्यावर थांबता येत नाही. तुकड्यांवर समाधान मानायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेले नाही. पंगतीत बरोबरीची जागा मागायला शिकवले. ख्रिस्ती ग्रंथाशी आमचा आदरही इथेच आहे आणि भांडणही इथेच आहे.

तिसरी गोष्ट मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली, शेवटच्या न्यायाची. सिंहासनावर बसलेला राजा माणसांचे दोन भाग करतो. आम्हाला वाटले, आता विचारणार की तू कोणता पंथ मानलास, किती प्रार्थना केल्यास. पण तो तसे काही विचारत नाही. उपाशी माणसाला जेवू घातले का, तहानलेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला कपडा दिला का, आजाऱ्याची विचारपूस केली का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, एवढीच त्याची चौकशी. आणि ज्यांनी हे केले त्यांना आपण राजासाठी काही केले हे ठाऊकसुद्धा नसते.

ज्यांनी केले नाही त्यांना मात्र कायमच्या अग्नीची शिक्षा आहे. कॉलेजची मुलगी म्हणाली, "प्रश्नपत्रिका बरोबर आहे, शिक्षा चूक आहे." आमचेही तेच मत. अनंत काळ जाळणारी करुणा आम्हाला समजत नाही. शिवाय योहानाच्या शुभवर्तमानात, जो विश्वास ठेवत नाही तो आधीच दोषी ठरला, अशा अर्थाचे वचन आहे. तिथे आमच्यासारख्यांसाठी दार बंद होते. बुद्धाने स्वतःला मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले. केसपुत्तच्या कालामांना त्याने सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका. हा फरक लहान नाही आणि तो झाकण्यातही अर्थ नाही.

पण आजारी माणसाच्या ओळीपाशी आम्ही अडखळलो ते वेगळ्या कारणाने. वाचता वाचता सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला. ताईचा. आजाऱ्याला भेटायला कोण गेले होते? आणि कोण गेले नव्हते?

इथून आमच्या वाचनाला वेगळे वळण लागले. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा वाचणारा त्यातले काय ठेवतो आणि काय कापतो, हा प्रश्न पुढे आला. या बाबतीत इतिहासात दोन कात्र्या प्रसिद्ध आहेत.

पहिली कात्री श्रद्धावंतांची. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडिज बेटांवरील गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. आज तिला 'गुलामांचे बायबल' म्हणतात. नेहमीच्या प्रॉटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय असतात. या आवृत्तीत २३२ ठेवले होते. काय कापले? मोशेने इस्राएली लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवून आणले ती निर्गमाची कथा कापली. ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे पौलाने गलतीकरांना लिहिलेले वचन कापले. आणि काय ठेवले? गुलामांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हा इफिसकरांच्या पत्रातला उपदेश ठेवला. तीन वर्षांपूर्वी, १८०४ साली, हैतीचे गुलाम बंड जिंकून स्वतंत्र झाले होते. मळेवाल्यांना धास्ती कशाची होती हे वेगळे सांगायला नको. आपल्या लोकांना पोथी ऐकूच दिली नाही आणि त्यांना अर्धीमुर्धी ऐकवली, एवढाच काय तो फरक.

दुसरी कात्री चिकित्सकाची. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफर्सन चमत्कार मानत नसत. म्हातारपणी, १८२० च्या सुमारास, त्यांनी ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी नव्या करारांतून हवे तेवढे उतारे धारदार पात्याने कापले आणि कोऱ्या वहीत चिकटवले. येशूंचा उपदेश ठेवला, डोंगरावरील प्रवचन ठेवले, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ठेवली. चमत्कार आणि पुनरुत्थान काढून टाकले. त्यांचे पुस्तक थडग्याच्या तोंडावर धोंड लोटतात तिथे संपते. ही वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

हे वाचून आम्हाला फार आनंद झाला. हा तर आपला माणूस! पण पुढचे वाचले आणि आनंद मावळला. याच जेफर्सनच्या मालकीखाली आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. मृत्युपत्राने त्यांनी मुक्त केले ते पाच जण. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, हा उपदेश त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत चिकटवला होता. अंधश्रद्धा कापली, मळा मात्र तसाच राहिला. म्हणजे नुसते नास्तिक असून, बुद्धिवादी असून भागत नाही. ही गोष्ट आम्हाला फार लागली, कारण कात्री आमच्याही हातात आहे.

या दोघांच्या पलीकडे तिसरा वाचक उभा आहे, फ्रेडरिक डग्लस. जन्माने गुलाम. १८३८ साली तो पळून स्वतंत्र झाला आणि १८४५ साली त्याने आत्मचरित्र लिहिले. त्यात त्याने आपल्या धन्याची हकीकत दिली आहे. हा धनी १८३२ साली एका धर्ममेळाव्यात भाविक झाला आणि भाविक झाल्यावर अधिकच क्रूर बनला. हात अधू असलेल्या एका तरुण गुलाम स्त्रीला बांधून तो चाबकाने मारी आणि मारताना बायबलातले वचन म्हणे. गुलामांना नवा करार वाचायला शिकवण्यासाठी एका गोऱ्या तरुणाने रविवारची शाळा काढली, तेव्हा चर्चमधल्याच पुढाऱ्यांनी काठ्या घेऊन ती उधळली. तरी डग्लसने ग्रंथ फेकला नाही. ख्रिस्ताचा धर्म वेगळा आणि गुलाम बाळगणाऱ्यांचा धर्म वेगळा, असे त्याने पुस्तकाच्या शेवटी बजावून सांगितले. त्याने बायबलचा उपयोग धन्याला आरसा दाखवण्यासाठी केला.

आता बाबासाहेबांविषयी. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की धर्मांच्या तौलनिक अभ्यासात आपल्याला दोनच व्यक्तिमत्त्वांनी मोहून टाकले, बुद्ध आणि ख्रिस्त. पण त्याच भाषणात त्यांनी, दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, हे श्रोत्यांना तोंडावर सुनावले. धर्मांतरितांच्या स्थितीवरील लेखनात त्यांनी आणखी मूळचा आक्षेप घेतला. माणसाची अवनती त्याच्या भोवतालच्या अन्यायी समाजरचनेमुळे झाली, हे सांगायचे सोडून ती त्याच्या पापामुळे झाली असे सांगितले, तर तो समाजरचनेशी लढायला उठणार कसा? आम्हाला हा आक्षेप आजही बिनतोड वाटतो. मोहून जाणे आणि चिकित्सा करणे ही दोन्ही कामे एकाच भाषणात करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. आम्ही मात्र ताईच्या दारात दोन्हींपैकी एकही केले नव्हते.

"पैशाला भुलली" या आरोपाचेही पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले आणि १९९० साली, मोठ्या लढ्यानंतर, बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्यात जागा मिळाली नाही. म्हणजे कागदोपत्री ख्रिस्ती होणाऱ्याच्या हातची सवलत जाते. सवलतींसाठी चौतीस वर्षे ताटकळलेल्या आपणच दुसऱ्याला "लालची" म्हणावे, हे शोभते काय?

शेवटाकडे येतो. मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचल्यावर भन्तेजींनी आम्हाला विनयपिटकातली एक गोष्ट काढून दाखवली. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

ही गोष्ट आमच्या कपाटात होती! इतकी वर्षे वर्षावासात ग्रंथवाचन झाले, पण आमच्या कात्रीतून ती निसटून गेली होती. चमत्कार आम्ही कापले, ते योग्यच केले. पण त्याबरोबर आजारी भिक्खूलाही कापले होते. ते आम्हाला कळले परक्या ग्रंथामुळे, आणि त्याहीपेक्षा एका आईच्या प्रश्नामुळे.

पुस्तकाचा निखळलेला पुठ्ठा काकांनी बाइंडरकडून बसवून आणला. आम्ही सर्व ताईकडे गेलो आणि ज्याने पुस्तक फेकले होते त्याने ते स्वतःच्या हाताने परत दिले, माफी मागितली. ताईने चहा केला. पुस्तकाकडे बघून विचारले, "वाचलं का खरंच?" आम्ही म्हटले, वाचले, काही पटले, पुष्कळ पटले नाही. ती म्हणाली, "मला बी समदं कुठं कळतंय." पोर आता बरे आहे, शाळेत जाते. ताई अजून त्या मंडळात जाते. पौर्णिमेला कधी कधी विहारातही येते. आम्ही तिला कोणत्या बाजूची म्हणून विचारलेले नाही आणि विचारणारही नाही.

विहारात आता दाराजवळ एक वही ठेवली आहे. वस्तीतले कोण कोणत्या दवाखान्यात आहे याची नोंद तिच्यात होते. दर आठवड्याला चार जणांची पाळी असते. जेवणाचा डबा, औषधाची चिठ्ठी, रात्री उशाशी बसणे, जे लागेल ते करायचे. आजाऱ्याचा धर्म कोणता याचा रकाना त्या वहीत नाही. मात्र पाळीला येणारी नावे अजून कमी आहेत. आज घरी जाताना, मित्रांनो, त्या वहीत आपले नाव लिहून जा, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!